जपानची शिस्त, फुरसुंगीचे ट्रक आणि आपलं चुकीचं भांडण

येन स्वस्त झाला आणि गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्येक फॅमिली ग्रुपवर कोणी ना कोणी जपानला जाऊन आलेलं दिसायला लागलं. २०२४ या एका वर्षात दोन लाखांहून जास्त भारतीय तिकडे गेले. फोटो साधारण तेच असतात, फुजी, फुशिमी इनारीच्या केशरी कमानी, शिबुयाचं क्रॉसिंग, आणि त्या फोटोंखाली होणारं भांडणही तेच असतं. एक पार्टी म्हणते, बघा, रस्त्यावर एक कागद नाही, ट्रेन सेकंदावर येते, हरवलेला फोन परत मिळतो, हे लोकांच्या रक्तातच आहे, आपल्याकडे शंभर वर्षांत होणार नाही. दुसरी पार्टी लगेच चिडून म्हणते, पुरे झालं कौतुक, तिथे माणसं काम करून करून मरतात, सगळे एकटे आहेत, आपली माणसं निदान मोकळी तरी आहेत. मीही आईला आणि मावशीला घेऊन जाऊन आले, आणि परत आल्यापासून हे दोन्ही सूर ऐकून मला खरंच त्रास होतोय, कारण दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात, की जपान आधीपासूनच असा होता. तो तसा नव्हता. जपानमध्ये आपल्याला सुट्टीत जे दिसतं ते फार जुनं नाही, ते कायदे करून, दंड लावून, कर्ज काढून, रस्त्यावर भांडून आणि शाळेत रोज झाडू हातात देऊन घडवलेलं आहे, आणि म्हणून त्याबद्दल बोलायचंच असेल तर कसं घडवलं हे बोलायला हवं.

आधी वेळेचं बघू, कारण ट्रेनचं कौतुक सगळ्यात जास्त होतं. १८५७ साली कॅटेनडाइक नावाचा डच नौदल अधिकारी नागासाकीत जपानी लोकांना आरमाराचं शिक्षण द्यायला आला होता, आणि त्याने आपल्या रोजनिशीत तक्रार करून ठेवली आहे की इथली माणसं वेळ पाळत नाहीत, कामं रेंगाळतात. १९१५ च्या सुमाराला एक ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ तिथले कारखाने बघून म्हणाला होता की ही माणसं निवांत आहेत, वेळेची त्यांना काही पडलेली नाही. हे वाचताना आपल्याबद्दल कोणीतरी लिहितंय असं वाटतं ना? आणि त्यात जपानी माणसाचा दोषही नव्हता, तिथे १८७२ पर्यंत तास ऋतूप्रमाणे लहानमोठे व्हायचे, उन्हाळ्यात दिवसाचा तास मोठा, हिवाळ्यात छोटा. १८७३ च्या जानेवारीपासून नवं कॅलेंडर आणि चोवीस तासांचं घड्याळ आलं, त्याच सुमाराला रेल्वे सुरू झाली, शाळा आल्या, कारखान्यांचे भोंगे आले. तरीही लोक सुधारेनात म्हणून १९२० मध्ये १० जून हा 'वेळेचा दिवस' जाहीर करावा लागला, टोकियोत वेळेवर प्रदर्शन भरवलं, लोकांना घड्याळ लावायला शिकवलं. ज्या समाजाच्या रक्तातच वक्तशीरपणा आहे त्याला वेळेचा दिवस कशाला लागला असता?

स्वच्छतेचंही तसंच. १८७२ मध्ये टोकियोत एक नियमावली निघाली, त्यात रस्त्यावर उघड्यावर लघवी करणाऱ्याला दंड होता. दंड लावावा लागला याचा अर्थ लोक करत होते, सर्रास करत होते. आणि हे फार लांबचं वाटत असेल तर १९६० च्या आसपासचं टोकियो बघा. शहरातल्या निम्म्याहून कमी वस्तीला ड्रेनेज होतं, मैला उपसायला गाड्या यायच्या, सुमिदा नदीचा वास लांबपर्यंत जायचा. १९६४ च्या ऑलिंपिकला जग येणार म्हणून सरकारने शहर घासूनपुसून काढायची मोहीम घेतली, कचऱ्याच्या उघड्या पेट्या जाऊन झाकणाचे प्लास्टिकचे डबे आले, ठरलेल्या वेळी गाडी यायला लागली. आज आपण त्याच सुमिदाच्या काठावर उभं राहून सेल्फी काढतो आणि म्हणतो, या लोकांना निसर्गाची ओढ उपजतच आहे. त्याच देशात मिनामाताच्या खाडीत एका कारखान्याने पारा सोडला, १९५६ मध्ये त्या पाऱ्याने होणारा आजार उघडकीस आला, आणि सरकारला कारण अधिकृतपणे मान्य करायला १९६८ उजाडलं. मग लोक कोर्टात गेले, आंदोलनं झाली, आणि १९७० मध्ये संसदेच्या एकाच अधिवेशनात प्रदूषणाबद्दलचे १४ कायदे झाले. हे सगळं लोकांनी सरकारच्या मानगुटीवर बसून करून घेतलं आहे.

पण सगळ्यात मोठी गोष्ट, जी आपल्या कुठल्याही टूर गाइडच्या तोंडून ऐकू येत नाही, ती म्हणजे टोकियोचं कचरायुद्ध. हे नाव मी दिलेलं नाही, १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर र्योकिची मिनोबे यांनीच ते जाहीर केलं होतं. शहराचा बराचसा कचरा तेव्हा कोतो नावाच्या वॉर्डातल्या भरावावर जायचा, रोज हजारो ट्रक, वास, आणि १९६५ मध्ये तर तिथे माश्यांचा एवढा कहर झाला की भरावाला आग लावून त्या मारायची वेळ आली. ठरलं असं की प्रत्येक वॉर्डाने आपला कचरा आपल्या हद्दीत जाळायचा. सुगिनामी हा पश्चिमेकडचा चांगला सुखवस्तू वॉर्ड, तिथले लोक म्हणाले आमच्याकडे प्लांट नको. मग १९७३ मध्ये कोतोची माणसं, त्यांचे लोकप्रतिनिधी, रस्त्यावर उतरले आणि सुगिनामीचे ट्रक अडवले. सुगिनामीत कचरा साठला, सडला, आणि शेवटी वाटाघाटी होऊन तिथेच प्लांट उभा राहिला. आज शिबुयासारख्या ऐन गजबजलेल्या भागात कचरा जाळायचं केंद्र आहे, त्याची चिमणी लांबून दिसते, आपण तिच्याकडे बघत बघत शॉपिंग करतो आणि ती कसली चिमणी आहे हे विचारतही नाही.

पुणेकरांना ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. आपला कोथरूडचा कचरा डेपो तिथल्या वस्तीला नकोसा झाला आणि कचरा गेला शहराबाहेरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांना. तिथल्या लोकांनी किती वेळा ट्रक अडवले, विहिरींचं पाणी खराब झालं म्हणून किती आंदोलनं केली, आणि दर वेळी शहरातली चर्चा काय होती, तर दोन दिवस कचरा उचलला नाही, केवढी गैरसोय. कोथरूडच्या डेपोच्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. म्हणजे कोतो आपल्याकडेही होता, त्याने तेच केलं जे टोकियोतल्या कोतोने केलं, फरक एवढाच की तिथे शेवटी सुगिनामीला आपला कचरा आपल्या अंगणात घ्यावा लागला आणि इथे फुरसुंगीला अजून सांगितलं जातं, थोडं सहन करा. हा फरक संस्कृतीचा आहे का? मला तरी तो सत्तेचा वाटतो, कोणाचं नाक महत्त्वाचं आणि कोणाचं नाही याचा वाटतो.

आता समोरच्यांचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला पैशाचा. जपान श्रीमंत आहे, आपण नाही, हे खरंच आहे, आणि जो माणूस चौदा तास राबून दहा बाय दहाच्या खोलीत परत येतो त्याला कचऱ्याचे पाच प्रकार वेगळे करायला सांगणं मलाही जड जातं. पण क्रम नीट बघा. टोकियो-ओसाका शिंकानसेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली, ऑलिंपिकच्या बरोबर नऊ दिवस आधी, आणि त्यासाठी जपानने वर्ल्ड बँकेकडून ८ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं. वर्ल्ड बँकेची सगळी कर्जं फेडून व्हायला १९९० उजाडलं. म्हणजे ड्रेनेज, कचरा, रेल्वे हे सगळं श्रीमंत झाल्यावर निवांतपणे केलेलं नाही, कर्जात असतानाच केलेलं आहे. आणि आज तोच जपान आपल्याला कर्ज देतो, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला, मुंबईच्या भुयारी मेट्रोला, पुण्याच्या मुळा-मुठा शुद्धीकरणाला. ट्रेनबद्दल आपण तावातावाने बोलतो, नदीच्या मैलापाण्याच्या कामाबद्दल किती जण विचारतात?

लोकसंख्येचा मुद्दा मी पटकन संपवते, कारण तो टिकतच नाही. जपानची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या थोडी आत, महाराष्ट्राची २०११ च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटी होती, क्षेत्रफळ त्यांचं पावणेचार लाख चौरस किलोमीटर, आपलं तीन लाखांच्या थोडं वर, आणि त्यांचा बहुतेक भाग डोंगर आणि जंगल, माणसं सगळी किनाऱ्याच्या सपाट पट्ट्यांत दाटलेली. गर्दीचं कारण सांगून सुटायचं असेल तर तेही सांगू शकले असते.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे, की या शिस्तीची किंमत फार मोठी आहे, आणि इथे मी जपानप्रेमींच्या बाजूने अजिबात नाही. २५ एप्रिल २००५ ला ओसाकाजवळच्या आमागासाकीत एक लोकल वळणावर रुळावरून उतरून इमारतीत घुसली, १०७ माणसं गेली. ड्रायव्हर २३ वर्षांचा होता, आधीच्या स्टेशनावर गाडी पुढे गेल्यामुळे दीड-एक मिनिटाचा उशीर झाला होता आणि तो भरून काढायला त्याने वेग वाढवला, कारण उशीर झालेल्या ड्रायव्हरला 'प्रशिक्षणा'च्या नावाखाली अपमानास्पद शिक्षा देण्याची तिथे पद्धत होती. २०१५ मध्ये एका मोठ्या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या मुलीने कामाच्या ओझ्याखाली जीव दिला. २०१७ मध्ये ओसाकातली एक विद्यार्थिनी शाळेविरुद्ध कोर्टात गेली, तिचे केस जन्मतःच तपकिरी, शाळा तिला ते काळे रंगवायला लावत होती. सेकंदावर येणाऱ्या ट्रेनचा रील टाकताना हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पण यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. आमागासाकीच्या त्या ड्रायव्हरला ज्या धाकाने मारलं तो धाक आणि स्वच्छ संडास या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे कोणी सिद्ध केलं? अपघातानंतर तिथे चौकशी झाली, वेळापत्रकात सैलपणा आणला, गाडीचा वेग आपोआप रोखणारी यंत्रणा बसवली, आणि ट्रेन आजही वेळेवरच येतात. ओव्हरटाइमवर २०१९ पासून कायद्याने मर्यादा आली, त्यामुळे रस्त्यावर कचरा वाढला नाही. म्हणजे धाक काढून घेतला तरी व्यवस्था उभी राहू शकते. आणि आपल्याकडे काय, माणसं कामाने मरत नाहीत? मुंबई लोकलमधून पडून माणसं मरतात त्याला आपण मोकळेपणा म्हणणार का? सोळा तास गाडी चालवणारा डिलिव्हरीचा मुलगा मोकळा आहे का? अस्वच्छता आणि उशीर सोसून आपल्याला बदल्यात जास्त माणुसकी मिळाली असती तर तो सौदा मी समजू शकले असते, पण तसं काही मिळालेलं दिसत नाही.

प्रामाणिकपणाचंही जरा खोलात बघण्यासारखं आहे. मावशीची पर्स क्योटोत बसमध्ये राहिली आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी मिळाली, ती अजून सगळ्यांना सांगते आणि सांगावंच, कारण ज्याने ती दिली त्या माणसाचा चांगुलपणा खरा आहे. पण त्या चांगुलपणाला पाय कशाचे आहेत? जवळपास प्रत्येक मोठ्या चौकात किंवा स्टेशनजवळ पोलिसांची छोटी चौकी असते, सापडलेली वस्तू तिथे देणं हे पाच मिनिटांचं काम आहे, देणाऱ्यावर कोणी संशय घेत नाही. कायद्याने सापडवणाऱ्याला वस्तूच्या किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं, आणि तीन महिन्यांत मालक आला नाही तर बहुतेक वस्तू सापडवणाऱ्यालाच मिळू शकते. टोकियोच्या पोलिसांकडे वर्षाला चाळीस लाखांच्या घरात वस्तू जमा होतात. छत्री आणि सायकल मात्र तिथेही चोरीला जातात, तेव्हा रक्त वगैरे काही मध्ये येत नाही. आता विचार करा, आपल्याकडे रस्त्यात पाकीट सापडलं आणि ते द्यायला आपण पोलीस स्टेशनला गेलो तर आपल्या मनात पहिला विचार काय येतो? तो विचार आपल्या संस्कारांचा दोष आहे की अनुभवाचा?

सिगारेटचं उदाहरण तर मला फार बोलकं वाटतं. टोकियोच्या चियोदा वॉर्डात लोक चालता चालता सिगारेट ओढायचे आणि थोटकं रस्त्यावर टाकायचे, विनंत्या केल्या, पाट्या लावल्या, काही झालं नाही, तेव्हा २००२ मध्ये वॉर्डाने दंडच लावला, जागेवर २००० येन. त्यांची घोषणाच अशी होती की आधी शिष्टाचार, मग नियम, आणि मग पुन्हा शिष्टाचार. आपण फक्त पहिल्या पायरीवर वर्षानुवर्षं उभे आहोत, भिंतीवर देवाच्या टाइल्स लावतो आणि माणूस थुंकणार नाही अशी आशा धरतो. शिबुयात हॅलोविनच्या रात्री दारू पिऊन एवढा कचरा व्हायला लागला की रात्री रस्त्यावर दारू प्यायलाच बंदी आली, म्हणजे त्यांचंही काम संपलेलं नाही.

आणि आपल्या माणसांना जमत नाही हे तर डोळ्यांसमोर खोटं ठरतं. टोकियोच्या नारिता विमानतळावर उतरलेला आपलाच माणूस तासाभरात एस्कलेटरवर डावीकडे उभा राहतो, ट्रेनमध्ये फोन सायलेंट करतो, चॉकलेटचा कागद खिशात ठेवतो. टोकियोतल्या निशी-कसाईत कितीतरी मराठी कुटुंबं राहतात, जळणारा कचरा कुठल्या वारी आणि बाटल्या कुठल्या वारी हे त्यांच्या लहान मुलांनाही पाठ असतं. एवढं लांबही जायला नको, सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली आहे, तिथे आत गेल्यावर हाच पुणेकर हिरवळीवर पाय ठेवत नाही, आवाज खाली आणतो, कारण आत नियम आहे, देखभाल आहे, लक्ष ठेवणारी माणसं आहेत. गेटच्या बाहेर पाच पावलांवर तोच माणूस वेगळा वागतो. एकाच माणसाची संस्कृती पाच पावलांत बदलते का?

मला स्वतःला तिथे सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते, आई दिवसभर पाणी पीत होती. इथे प्रवासाला निघालं की ती आदल्या रात्रीपासून पाणी कमी करते, तिच्या पिढीतल्या बहुतेक बायका करतात, माझ्याही पिढीतल्या करतात. तिथे स्टेशनात, बागेत, बहुतेक कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत, संडास, फुकट, स्वच्छ, कडी लागणारा, त्यामुळे दोन दिवसांनी तिने ती भीतीच सोडून दिली. मुंबईत 'राइट टू पी' म्हणून बायकांनी चळवळ केली ती नेमकी याचसाठी, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, तेही असेल तिथे. यात कसली आली शिस्त? नसलेल्या संडासात शिस्तीने कसं जायचं? जपानहून परत आलेले लोक रस्त्यावरच्या गरिबाला नावं ठेवतात, पण महापालिकेच्या बजेटमध्ये बायकांच्या संडासासाठी किती रक्कम आहे आणि त्यातली खर्च किती झाली हे विचारत नाहीत, आणि माझा सगळ्यात मोठा राग या गोष्टीवर आहे.

कचरापेटीचंही असंच. सगळे थक्क होतात की रस्त्यावर पेट्या नाहीत तरी कचरा नाही. स्टेशनांवरच्या पेट्या बऱ्याचशा १९९५ च्या टोकियो मेट्रोतल्या सरिन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर काढल्या गेल्या, आणि लोक कचरा घरी नेतात कारण घरापासून तो ठरल्या दिवशी नक्की उचलला जातो. आपल्याकडे ओला-सुका वेगळा करून दिला तरी गाडीत एकत्र टाकताना लोकांनी बघितलेलं आहे. विश्वास असा एकतर्फी कसा तयार होणार?

आता राहिला तो मुद्दा ज्यावर आपण सगळ्यात कमी बोलतो, झाडू कोणाच्या हातात आहे. शिंकानसेन टोकियोला येते आणि सात मिनिटांत अख्खी गाडी साफ होते, ती माणसं युनिफॉर्ममध्ये असतात, वाकून नमस्कार करतात. शाळेत मुलं रोज पंधरा-वीस मिनिटं वर्ग, जिने, बऱ्याच ठिकाणी संडाससुद्धा साफ करतात. जपान यात निष्पाप नाही, त्यांच्याकडेही बुराकू समाजाला कातड्याच्या आणि मृत जनावरांच्या कामावरून अस्पृश्यासारखं वागवलं गेलं, १८७१ मध्ये कायद्याने भेद संपला तरी १९२२ मध्ये त्यांना सुइहेइशा ही संघटना काढून लढावं लागलं, आणि १९७५ मध्ये त्यांच्या वस्त्यांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जात असल्याचं उघड झालं. पण रोजची साफसफाई सगळ्यांच्या अंगवळणी पाडण्यात त्यांनी जे केलं ते आपण केलं नाही. आपल्याकडे गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडायचे, गावाने त्यांना डोक्यावर घेतलं आणि झाडू ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच ठेवला. हाताने मैला उचलायला बंदीचा कायदा १९९३ मध्ये झाला, २०१३ मध्ये पुन्हा करावा लागला, आणि गटारात उतरून माणसं मरायची थांबलेली नाहीत. पुण्यात आपला कचरा वेगळा करणाऱ्या बायका कुठल्या समाजाच्या आहेत हे सोसायटीतल्या प्रत्येकाला माहीत असतं.

म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की जपानसारखं आपल्या शाळांतही मुलांना सफाई करायला लावा, तेव्हा मी हो म्हणते, पण अटी घालून. आपल्या देशात शाळेचा संडास साफ करायला कोणत्या मुलांना पाठवलं जातं याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. त्यामुळे पाळीची यादी वर्गाच्या भिंतीवर लागली पाहिजे, त्यात हजेरीपटावरचं प्रत्येक नाव आलं पाहिजे, शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची पाळी असली पाहिजे, हातमोजे, पाणी आणि साबण शाळेने द्यायला हवं, आणि फी भरतो म्हणून माझा मुलगा झाडणार नाही असं सांगायला येणाऱ्या पालकाला तीच यादी दाखवायला हवी. आणि ही सुरुवात जपान बघून आलेल्या आई-बापांची मुलं ज्या शाळांत आहेत तिथून व्हायला हवी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून नको, तिथल्या मुलांच्या हातात झाडू आधीपासूनच आहे.